रिकामं पाठवलेलं पाकीट

तुझं शेवटचं पाकीट शुक्रवारी आलं, श्रीकांत. तू मंगळवारी गेलास. पाकीट तीन दिवस मागून, कारण तिकीट सेकंड क्लासचं. अकरा वर्षं मी तुझ्या कानीकपाळी ओरडत होतो की बाबा रे, फर्स्ट क्लासचं तिकीट लाव, साउथहॅम्प्टन ते हॅरो अंतर ते केवढं, दुसऱ्या दिवशी हातात पडेल. तुझं उत्तर ठरलेलं असायचं, ‘घाई कसली आहे?’ आता सांग, घाई कसली होती ते.

पाकीट नेहमीसारखंच आहे. चारही बाजूंनी तपकिरी टेप, टेपवर टेप, कडेला बोटभर मोकळी जागा राहिली म्हणून तिथेही टेप. आत सीरियलच्या खोक्याचा कापलेला पुठ्ठा असणार, हे न उघडताही कळतं. वर पोस्टमनसाठी इंग्रजीत ‘डू नॉट बेंड’ आणि त्याच्याखाली तुझ्या ठसठशीत अक्षरात ‘कृपया वाकवू नये’. हॅरोचा पोस्टमन काय मिरजेहून आलाय? हे मी तुला पहिल्याच वर्षी विचारलं होतं. तू म्हणालास, ‘असेलही, तुला काय माहीत?’ अशा माणसाशी वाद काय घालायचा.

आज तेरा दिवस झाले, मी ते उघडलेलं नाही. सुनंदा रोज ते माझ्या जेवणाच्या ताटाशेजारी आणून ठेवते. एरवी ती म्हणायची, ‘तुम्ही दोघं एकमेकांना कार्डं पाठवत नाही, टेप पाठवता.’ उघडायच्या आधी मला तुला चार गोष्टी सुनवायच्या आहेत. आणि एक गोष्ट सांगायची आहे, जी तू मला विचारलीस तेव्हा मी ट्रेनचं निमित्त काढून पळालो होतो.

आपली ओळखच मुळात हसण्यासारखी. इंग्लंडमध्ये बेसबॉलची कार्डं जमवणारी माणसं किती असतील? त्यांचं ते दर दोन महिन्यांनी येणारं, फोटोकॉपी केलेलं चार पानी पत्रक होतं. त्यात प्रत्येकाचं नाव, गाव, जवळ काय आहे आणि काय हवं आहे याची यादी. त्या यादीत एके दिवशी मला माझ्या नावाखाली तुझं नाव दिसलं. मी कौन्सिलच्या रस्ते विभागात नकाशे काढणारा, तू हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट, आणि दोघांच्या याद्यांत अमेरिकेतले बॅटर आणि पिचर, म्हणजे त्यांचे बोलर. मी तुला इंग्रजीत रीतसर पत्र लिहिलं. तुझं उत्तर आलं ते मराठीत, ‘आपण मराठी दिसता. मग हे इंग्रजी कशाला?’ दुसऱ्या पत्रात तू ‘तुम्ही’वर आलास, चौथ्या पत्रात ‘तू’वर. मला कुणी विचारलंही नाही.

बेसबॉल आपल्या दोघांनाही धड कळत नव्हता, हे आज कबूल करायला हरकत नाही. माझ्या बहिणीने न्यूजर्सीहून एका पार्सलात एक पुडकं घातलं होतं, त्यात पंधरा-सोळा कार्डं आणि एक कडक गुलाबी चुइंगम. कार्डाच्या पाठीवर त्या खेळाडूचे सालवार आकडे होते. लहानपणी क्रिकेटचे स्कोअर वहीत उतरवणारा मी, आकड्यांवरच भाळलो. तुला तुझ्या शेजाऱ्याने दिली होती, तो जहाजावर स्वयंपाकी होता. तू आकडे वाचायचा नाहीस. तू भिंगातून छपाईचे ठिपके बघायचास. दिवसभर मायक्रोस्कोपखाली पेशी बघून घरी येऊन पुन्हा ठिपके!

आणि तोच तू कार्डं हाताळायचास कशी? हॉस्पिटलात काचेची स्लाइड कडेने धरणारा माणूस घरी कार्ड भज्यासारखं उचलायचा. मला आलेल्या कार्डांवर तुझ्या अंगठ्याचे ठसे असायचे. एकावर तर हळदीचा होता. मी लिहिलं, ‘डॉक्टर, कार्डाची किंमत त्याच्या कोऱ्या अवस्थेत असते.’ तू लिहिलंस, ‘कोरं कोण ठेवतं रे? माणसाने बघितल्याची काही खूण नको?’ यावर आपण पाच वर्षं भांडलो. ते भांडण मी जिंकलेलो आहे, हे लक्षात ठेव.

मग ते परतीचं पाकीट. या धंद्याची साधी रीत आहे. आपण कार्डं पाठवायची आणि सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं एक पाकीट घालायचं, समोरचा त्यात ठरलेली कार्डं घालून परत पाठवतो. पाचाला पाच, हिशोब मिटला. तुझ्याशी तो कधी मिटलाच नाही. मी पाच पाठवली की तुझ्याकडून नऊ यायची. मी चार परत केली की सहा यायची. कारण काय, तर तुझी आई शेजारणीचा डबा कधी रिकामा परत करायची नाही, निदान चमचाभर साखर तरी घालायची. मी लिहिलं, ‘हा डबा नाही, पाकीट आहे.’ तू लिहिलंस, ‘भांडं ते भांडंच.’ आणि वरचं जे यायचं ते काय, तर तो मिशीवाला. पहिल्या बेसवरचा, गलेलठ्ठ, खालची दोन बटणं ताणलेला मिशीवाला. सत्त्याऐंशीच्या सेटमधला, ज्याची किनार लाकडी फळीसारखी आहे. तो तू मला चार वेळा पाठवलास. चार वेळा मी कळवलं की माझ्याकडे आहे.

त्या ईलिंगच्या चर्च हॉलमधल्या कार्डांच्या अदलाबदलीच्या स्वॅप मीटला आपण पहिल्यांदा समोरासमोर आलो. तू सूटबीट घालून आला होतास, जसा काही इंटरव्ह्यू होता. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने विचारलं, ‘यू टू ब्रदर्स?’ मी ‘नो’ म्हणायला तोंड उघडणार तेवढ्यात तू म्हणालास, ‘येस, ही इज द डिफिकल्ट वन.’ मग दुपारभर माझ्या नागपुरी बोलीची नक्कल केलीस. ‘काय करून राहिला बे, मिलिंद? सँडविच खाऊन राहिला का? अरे, माझ्या रेंजर्सच्या पिचरसाठी तो माणूस सिरीयसली दोन कॅचर देतोय, घेऊ का?’ मी म्हटलं, ‘घे आणि गप बस.’ घरी येताना मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनमध्ये मी एकटाच हसत होतो.

तुला एक सांगू? मला तुझ्याबरोबर बरं वाटायचं त्याचं एक कारण होतं, आणि ते मी तुला कधी सांगितलं नाही. त्या पत्रकात माझं आडनाव छापलेलं होतं. मिरजेचा माणूस तू, आडनाव वाचून तुला क्षणात कळलं असणार की मी कोण. इथे लंडनमध्ये मराठी माणूस भेटला की पहिल्या दोन वाक्यांत ‘म्हणजे तुम्ही मूळचे कुठले?’ येतं, आणि ते गाव विचारण्यासाठी नसतं. तू कधी विचारलं नाहीस. एकदाही नाही. तू विचारलंस, ‘तुझ्याकडे त्र्याऐंशीचे पिचर किती आहेत?’ त्यामुळे तुझ्या पत्रांपुरतं मला आडनाव नसल्यासारखं वाटायचं. ते मला इतकं हवं होतं की त्याला धक्का लागेल असं काही बोलायची माझी तयारी नव्हती.

आता त्या कार्डाचं.

माझ्याकडे एकच कार्ड खरं मोलाचं होतं. पन्नाशीच्या दशकातलं, हाताने रंगवल्यासारखा चेहरा, वर कुठेतरी बघणारा एक काळा खेळाडू. ओहायोतल्या एका निवृत्त शिक्षकाशी वर्षभर पत्रव्यवहार करून, माझी क्रिकेटची सगळी जुनी सिगरेट कार्डं देऊन मी ते मिळवलं होतं. त्याच्या पाठीवर लिहिलं होतं की हा मोठ्या लीगमध्ये उशिरा आला. उशिरा का आला, ते लिहिलं नव्हतं. तो उशिरा आला कारण त्याच्या माणसांना त्या मैदानांवर पाय ठेवायला बंदी होती. हे पुढे एका पुस्तकात वाचलं तेव्हापासून मी फक्त त्या माणसांची कार्डं जीव तोडून शोधत होतो, बाकीची सगळी नावाला. तुला वाटायचं मला जुनी छपाई आवडते.

तू लिहिलंस, ‘एकदा हातात धरून ठिपके बघू दे, आठ दिवसांत परत.’ मी दोन महिने टाळलं. शेवटी रेकॉर्डेड डिलिव्हरीने पाठवलं, सोबत अर्धं पान सूचना. आठ दिवसांचे वीस झाले. मधे दसरा आला. आणि मग तुझं पाकीट आलं, आनंदाने ओथंबलेलं पत्र: ‘मिलिंदा, यंदा खंडेनवमीला मायक्रोस्कोप, गाडी, अल्बम सगळ्यांबरोबर तुझ्या माणसाचीही पूजा केली. प्लॅस्टिकमधून काय नमस्कार करायचा, म्हणून बाहेर काढला.’

बाहेर काढला! टोपीच्या खाली त्या माणसाचं कपाळ जेमतेम दोन मिलिमीटर दिसतं. तेवढ्यात तू कुंकू बसवलंस, ओलं, नेमकं मधोमध. पॅथॉलॉजिस्टचा हात. खाली अक्षतेचा एक दाणाही चिकटलेला होता.

मी रबर घेऊन बसलो आणि जे उरलं होतं तेही घालवलं. कुंकू फिकं झालं, गेलं नाही, आणि कपाळाचा रंग निघाला. मग तुला पत्र लिहिलं, दीड पान. कोपरे, कडा, चकाकी, कंडिशन, बेपर्वाई. एकही शब्द खोटा नव्हता आणि खरी गोष्ट त्यात कुठेच नव्हती. तू बिचारा घाबरलास. बारा कार्डं पाठवलीस भरपाई म्हणून, त्यातली तीन तुझी स्वतःची आवडती, आणि नेहमीचं परतीचं पाकीट. मी बाराच्या बारा ठेवून घेतली. आणि तुझं ते पाकीट चिकटवून पोस्टात टाकलं. रिकामं. आत चिठ्ठीसुद्धा नाही.

मला माहीत होतं रे, मी काय करतोय. तुझ्या आईचा तो साखरेचा चमचा मला चांगला ठाऊक होता. तुला लागावं म्हणूनच मी तसं केलं. इतक्या वर्षांत मी कुणाशी इतका नीचपणा केलेला नाही, आणि केला तो तुझ्याशी.

दीड वर्ष काही नाही. मग एक दिवस टेपने गुंडाळलेलं पाकीट, त्यात मिशीवाला, तिसऱ्यांदा, आणि पत्रात सरळ सुरुवात: ‘काय रे, नव्या सेटमध्ये फोटो किती वाईट आलेत बघितलेस?’ जसं काही झालंच नाही! मला याचाच सगळ्यात जास्त राग आला. भांडायचं सोडून तू मला माफ करून टाकलंस, तेही न विचारता. पण मी उत्तर लिहिलं. त्याच रात्री लिहिलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी तुझ्याकडे आलो. अलकावहिनींनी पोहे केले होते, वर ओलं खोबरं, ते साउथहॅम्प्टनला कुठून आणलं कोण जाणे. तू माझ्यासमोर बसलास, अल्बम मिटलास आणि म्हणालास, ‘मिलिंद, एक विचारू? ऑनेस्टली सांग. ते कार्ड. इट वॉज नॉट अबाउट द कंडिशन, वॉज इट?’

मी घड्याळ बघितलं. म्हटलं, ‘अरे, माझी पाच वीसची ट्रेन आहे.’

तू म्हणालास, ‘त्यानंतर पाच पन्नासची आहे.’

‘सुनंदा वाट बघेल.’

तू मला स्टेशनवर सोडलंस. गाडीत आपण रस्त्याच्या कामांबद्दल बोललो, कारण ते माझं खातं. पाच वीसची निघून गेली होती. मी पाच पन्नासचीच पकडली, तू प्लॅटफॉर्मवर माझ्याबरोबर अर्धा तास उभा राहिलास आणि पुन्हा विचारलं नाहीस.

आणि आता हे आजारपण. एप्रिलपासून तुला माहीत होतं, असं वहिनी म्हणाल्या. ऑगस्टच्या तुझ्या पत्रात दोन पानं कशावर, तर शॉर्टस्टॉपच्या जागी खेळणाऱ्या एका फील्डरचा फोटो उलटा छापलाय यावर. शेवटी एक ओळ, ‘तब्येत बरी.’ डॉक्टर असून ‘तब्येत बरी’! मी आलो असतो. भांडायला का होईना, आलो असतो. तुला हेही सुचलं नाही की या डिफिकल्ट वनला काही सांगावं.

क्रिमेटोरियमच्या बाहेर वहिनी माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, ‘भाऊजी, ते पाकीट मीच टाकलं पोस्टात. सोमवारी. मी म्हटलं फर्स्ट क्लासने पाठवू या, तर नको म्हणाले. मिळालं ना?’

‘मिळालं, वहिनी. अजून उघडलं नाही.’

‘उघडा हो. मला म्हणाले होते, मिलिंदचं उत्तर आलं की मला मोठ्याने वाचून दाखव. मी वाट बघतेय.’

त्यांना मी ‘हो’ म्हटलं, आणि त्यालाही चार दिवस झाले. आता कात्री घेतो.

टेप. टेप. पुठ्ठा, अपेक्षेप्रमाणे. त्यात मिशीवाला. पाचव्यांदा! आणि त्याच्यामागे घडी घातलेलं एक जुनं पाकीट, त्यावर तुझ्याच अक्षरात तुझाच पत्ता, पोस्टाचा जुना शिक्का, एका कडेने चाकूने नीट उघडलेलं. जुन्या तिकिटाशेजारी एक नवीन तिकीट लावलंयस. मी ओळखलं ते पाकीट. आत बघितलं, रिकामं. मी पाठवलं होतं तसंच.

तुझी चिठ्ठी मिशीवाल्याच्या प्लॅस्टिकमध्ये आहे. अक्षर हललंय.

‘मिलिंद, हे इतकी वर्षं जपून ठेवलंय. कोपऱ्यांवरून असं करणारा माणूस तू नाहीस, हे मला तेव्हाच माहीत होतं. कुंकवाचं काहीतरी होतं. विचार केला तर थोडंफार लक्षात येतं, पण माझ्या मनाने ठरवलेलं मला नको. तुझ्याकडून पाहिजे. सविस्तर लिही. या वेळी पाकीट रिकामं पाठवू नकोस. तुझा श्री. ता. क. मिशीवाला पाठवतोय, तुझ्याकडे नसेल म्हणून.’

बरं. ऐक मग. वहिनी, मोठ्याने वाचा.

श्रीकांत, ज्या दसऱ्याला तू मायक्रोस्कोपची पूजा करतोस, तसल्याच एका दसऱ्याला माझे वडील नागपूरला पांढरे कपडे घालून हजारो माणसांत उभे राहिले आणि बौद्ध झाले. घरी आले आणि देव्हारा उचलला, तसबिरी, घंटा, कुंकवाचा करंडा, सगळं एका पोत्यात बांधून बाहेर काढलं. ज्या देवळांच्या पायरीला हात लावू दिला नाही, त्या देवांचं कुंकू माझ्या पोरांच्या कपाळावर नको, असं ते म्हणाले. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. तेव्हापासून आमच्या घरी तो दिवस सगळ्यात मोठा. आणि त्याच आठवड्यात तू माझ्या माणसाला प्लॅस्टिकमधून बाहेर काढून कुंकू लावलंस. त्यालाही कुणी आत येऊ दिलं नव्हतं, म्हणून तो माझा होता. मला वाटलं, इतक्या लांब येऊन, एका कागदाच्या तुकड्यावरसुद्धा, तुम्ही आम्हाला आमचं राहू देत नाही.

‘तुम्ही’ म्हटलं मी मनात. तुला, एकट्या श्रीकांतला, मी एका फटक्यात ‘तुम्ही’ करून टाकलं. तू मला आडनावाने कधी ओळखलं नाहीस, मी मात्र तुला ओळखलं. हेच मला सांगायचं होतं. पाच वीसच्या ट्रेनच्या आधी सांगता आलं असतं. पाच पन्नासच्या आधीही आलं असतं.

तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. विचारायला हवं होतंस, पूजा करायच्या आधी. पण तू त्याला गाडी, मायक्रोस्कोप, अल्बमच्या रांगेत बसवलंस, म्हणजे तुला जे जे प्रिय होतं त्यात, हेही मला त्या दिवशीच कळलं होतं, आणि कळून मी ते बाजूला सारलं. मला तुझी फार आठवण येते रे. रोज साडेआठला टपाल पडतं आणि मी उठतो.

ते कार्ड माझ्याकडेच राहील. कपाळावर फिकट गुलाबी डाग आहे, अक्षतेच्या जागी बारीक खड्डा. रबर मी टाकून दिलाय. माणसाने बघितल्याची खूण, दुसरं काय. त्या भांडणात मी जिंकलो असं वर लिहिलंय, ते खोडायचं राहून गेलं.

ही पानं तुझ्या पाकिटात घालतोय. सोबत मिशीवाला, कारण तुझे आधीचे चार माझ्याकडे आहेत. चारही बाजूंनी टेप लावली, तुझ्याइतकी नाही जमली. सुनंदा विचारत होती, फर्स्ट क्लासचं तिकीट देऊ का? मी म्हटलं, नको, श्रीकांतने लावलंय तेच राहू दे.

वर लिहिलंय, कृपया वाकवू नये.